हातभर तारेचा इतिहास

‘मुस्तफा’ रंगात आला की माझ्या घरच्या आर्केड कॅबिनेटचा पडदा फुटल्यासारखा दिसे आणि गेम पहिल्यापासून सुरू होई. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचा, १९९३चा. त्यातल्या मुस्तफा या पात्रावरून आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमधल्या पोरांनी त्याचं बारसं केलं, ते कायमचं. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या टर्मिनलवर मीटर लावला : ५.०५ व्होल्ट. अगदी चोख. मग दोन्ही प्रोब थेट बोर्डावर टेकवल्या : ४.६२. मधे हातभर तार आणि एक कनेक्टर. एवढ्यात जवळजवळ अर्धा व्होल्ट गळाला होता.

गिरगावातल्या पार्लरमध्ये मी हाताखाली काम करायचो, तेव्हा वस्ताद ओरडायचे, “सप्लायवर काय बघतोस? बोर्डावर बघ!” या एका वाक्यात आमच्या धंद्याचा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं.

१९७१च्या ‘कॉम्प्युटर स्पेस’मध्ये मायक्रोप्रोसेसर नव्हता. सगळा खेळ टीटीएल चिपांवर चाले. या चिपांना ५ व्होल्ट लागतात, आणि नेहमीच्या ७४ मालिकेला सूट मिळते ती फक्त पाव व्होल्टची, ४.७५ ते ५.२५. त्याखाली चिप मरत नाही, पण तिच्या शब्दाचा भरवसा उरत नाही.

अटारीच्या इंजिनीअरांना हातभर तारेची ही गळती ठाऊक होती. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’च्या (१९७९) कॅबिनेटमध्ये तळाशी जड ट्रान्सफॉर्मर आणि मोठा निळा कपॅसिटर असे, तर ५ व्होल्ट तयार होत वेगळ्या रेग्युलेटर बोर्डावर. तिथून गेम बोर्डाकडे जाणाऱ्या तारांबरोबर उलटी येणारी ‘सेन्स’ची तारही असे. बोर्डापाशी प्रत्यक्ष किती पोचलं, ते ती रेग्युलेटरला सांगे आणि रेग्युलेटर तूट भरून काढी. मात्र कनेक्टर सैल झाला तरी गेम चालत राही, आणि पिन आतल्या आत जळत राही.

१९८५मध्ये जपानमधल्या आर्केड यंत्रांच्या उत्पादकांच्या संघटनेनं ‘जामा’ जोडणी ठरवली. ५६ पिनांचा एकच कनेक्टर. जुना बोर्ड काढा, नवा खोचा. गल्लीतल्या पार्लरवाल्याला याच सोयीनं तारलं. त्यात ग्राउंडला आठ पिना आणि ५ व्होल्टला चार, म्हणजे करंट वाटला जावा. पण सेन्सची तार तिथे नाही. बोर्डापाशी किती पोचलं, हे बघायचं काम मेकॅनिकच्या मीटरवर आलं. वस्तादांचं ओरडणं त्या गाळलेल्या तारेची जागा भरत होतं.

एसएमपीएसवर ५ व्होल्टचा छोटा पॉट असतो. तो फिरवून बोर्डावरचा आकडा वाढवण्याचा मोह होतो. पण साध्या सप्लायमध्ये लक्ष फक्त ५ व्होल्टवर असतं. तो चढवला की १२ व्होल्टही मागोमाग चढतो. शिवाय अडलेली पिन तापतच राहते.

म्हणून मी गेम चालू ठेवून गळती शोधली. एक प्रोब सप्लायच्या ग्राउंडवर, दुसरी बोर्डाच्या ग्राउंडवर. तिथे शून्याजवळ आकडा हवा, दिसला ०.१९. मग ५ व्होल्टची बाजू तशीच मोजली : ०.२४. बेरीज बरोबर ०.४३. पुष्कळ जण लाल तारेलाच दोष देतात. इथे जवळजवळ निम्मी चोरी काळ्या तारेतली होती.

वीज बंद करून कनेक्टर उपसला. दोन पिना काळवंडलेल्या, त्यांची स्प्रिंग मेलेली. बोर्डाच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या, लॅमिंग्टन रोडवरून नवा कनेक्टर आणला आणि ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या सगळ्या पिनांना जाड तार स्वतंत्र डाग देऊन जोडली.

आता बोर्डावर ५.०१ आहे. पॉटला मी हात लावलेला नाही.