‘रहस्यकथा आहे, पण चांगली आहे’: एका शिफारशीचा इतिहास

साहित्य शिकवणाऱ्या माणसाला दर सत्रात एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘सध्या वाचण्यासारखे काय आहे?’ या प्रश्नासाठी आपल्यापाशी बहुधा दोन याद्या असतात. एक वर्गात सांगायची आणि दुसरी उशाशी ठेवलेली. दुसऱ्या यादीतले एखादे नाव चुकून तोंडून गेलेच, तर आपण घाईघाईने पुस्ती जोडतो: ‘रहस्यकथा आहे, पण चांगली लिहिली आहे.’ या वाक्यातला ‘पण’ मला बरीच वर्षे अस्वस्थ करत आला आहे. तो आपला एकट्याचा नाही. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की ज्यात या ‘पण’ची चांगलीच झडती घेतली गेली.

प्रसंगाची पार्श्वभूमी दोन महायुद्धांमधल्या काळाची आहे. १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ प्रसिद्ध झाली आणि लेखिकेने वाचकाला न्याय्य वागणूक दिली की त्याची फसवणूक केली, यावर वाद माजला. पुढच्याच वर्षी टी. एस. एलियटने आपल्या ‘क्रायटेरियन’ नियतकालिकात ताज्या रहस्यकादंबऱ्यांचे परीक्षण केले. ‘द वेस्ट लँड’चा कवी हे काम करताना कुठेही ओशाळलेला दिसत नाही. त्याने काही नियमच सांगितले. अविश्वसनीय वेशांतरावर कथा उभी राहू नये, गुन्हेगाराचे हेतू सर्वसामान्य माणसाला समजतील असे असावेत, गूढ शक्तींचा आधार घेऊ नये, गुप्तहेर बुद्धिमान असावा पण अतिमानवी नसावा. या नियमांशी आपण सहमत असू वा नसू. महत्त्वाची गोष्ट ही की, एलियट या पुस्तकांना त्यांच्याच जातीच्या मापाने मोजत होता. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) ही त्याच्या लेखी त्या जातीचा आदर्श. श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्लंडला गेलेला हिरा अखेर सोमनाथला परततो, अशी ती कादंबरी आहे.

१९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या. त्याच वर्षी मार्जोरी निकोलसन या विदुषीने ‘अटलांटिक मंथली’तील लेखात प्राध्यापकांच्या चोरट्या वाचनाची बाजू मांडली. तिचे म्हणणे असे की, प्राध्यापक जीवनापासून पळण्यासाठी रहस्यकथा वाचत नाहीत, ते साहित्यापासून पळतात. मनाच्या तळाशी घुटमळणाऱ्या संज्ञाप्रवाही कादंबरीला कंटाळलेला अभ्यासक कथानक, कार्यकारणभाव आणि बुद्धीचा व्यापार यांच्याकडे परततो. हा युक्तिवाद थोडा खट्याळ आहे. पण त्यातही रहस्यकथेचे समर्थन तिच्या स्वतःच्या गुणांवर केलेले आहे.

आता मूळ प्रसंग. एडमंड विल्सन हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांना ‘ॲक्सल्स कासल’ (१९३१) या प्रतीकवादावरील ग्रंथामुळे परिचित असते. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने ‘न्यू यॉर्कर’मध्ये लेख लिहिला: लोक रहस्यकथा का वाचतात? शेरलॉक होम्सच्या काळानंतर त्याने या प्रकाराकडे फारसे पाहिले नव्हते. भोवतालची सुबुद्ध माणसे मात्र सतत याच पुस्तकांविषयी बोलत. म्हणून त्याने रेक्स स्टाउट, ख्रिस्ती आणि डॅशिएल हॅमेट वाचून पाहिले आणि तिघांनाही नापास केले. लेखाच्या शेवटी मात्र त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. महायुद्धांमधल्या जगात अपराधाची भावना सर्वत्र पसरली होती, आणि अपराधी कोण हे कोणालाच सांगता येत नव्हते. रहस्यकथेत आधी सगळ्यांवर संशय येतो. मग एकावर बोट ठेवले जाते आणि उरलेले, म्हणजे आपण, सुटतो.

लेखावर पत्रांचा भडिमार झाला. आलेल्या ३९ पत्रांपैकी फक्त ७ त्याच्या बाजूची होती, असा हिशेब विल्सननेच दिला आहे. उरलेल्यांचे गाऱ्हाणे आपल्या ओळखीचे आहे: तुम्ही चुकीची पुस्तके वाचलीत, ही वाचा! विल्सनने खरोखरच वाचली. शिफारस मनावर घेऊन वाचणारा समीक्षक विरळाच, आणि याबद्दल त्याला मानले पाहिजे. डोरोथी सेयर्सची ‘द नाइन टेलर्स’, नाइओ मार्श, मार्जरी ॲलिंगहॅम, जॉन डिक्सन कार, रेमंड चँडलर. १९४५ च्या जानेवारीत निकाल लागला. लेखाच्या शीर्षकातच त्याने विचारले होते: रॉजर ॲक्रॉइडला कोणी मारले, याची पर्वा कोणाला आहे?

निकाल कठोर होता. सेयर्स उत्तम लिहिते, असे तिच्या चाहत्यांनी त्याला कळवले होते. त्याला ती कादंबरी विलक्षण कंटाळवाणी वाटली. चर्चच्या घंटा वाजवण्याच्या शास्त्रावरची पानेच्या पाने त्याने उलटून टाकली. ती चांगली लिहिते असे वाटते याचे कारण, तिच्या भोवतालचे याहून वाईट लिहितात, असे त्याचे म्हणणे. कारच्या पुस्तकात त्याला थोडी गंमत वाटली. चँडलरची ‘फेअरवेल, माय लव्हली’ तेवढी त्याने आवडीने संपवली. पण ही खरी रहस्यकथाच नव्हे, असेही बजावले.

विल्सन अन्यायी होता, असे आपण चटकन म्हणू. काही अंशी होताच. पण त्या ३२ पत्रलेखकांचीही एक चूक होती, असे मला वाटते. एलियट आणि निकोलसन यांनी जे केले नाही ते त्यांनी केले: रहस्यकथेसाठी गंभीर साहित्याचे प्रमाणपत्र मागितले. ‘ती चांगली लिहिते’ असे म्हणताच पुस्तक विल्सनच्या अंगणात गेले. आणि तिथे त्याच्यापाशी प्रूस्त आणि जॉइस यांची मापे तयार होती. ‘द नाइन टेलर्स’मधल्या घंटा या केवळ सजावट नाहीत, त्यांतूनच रहस्याची उकल होते, हे त्याला आधी कोणी सांगितले असते तर कदाचित त्याने ती पाने उलटली नसती. शिफारस फसली ती पुस्तकामुळे नव्हे, तर शिफारशीच्या भाषेमुळे.

याच सुमारास, १९४४ च्या डिसेंबरमध्ये, चँडलरने स्वतःच इंग्लिश पद्धतीच्या कोडेवजा खुनांची खिल्ली उडवणारा प्रसिद्ध लेख लिहिला. १९४८ मध्ये कवी डब्ल्यू. एच. ऑडेनने आणखी वेगळी भूमिका घेतली: रहस्यकथा हे आपले तंबाखूसारखे व्यसन आहे आणि तिचा कलेशी संबंध नाही. चँडलरची पुस्तके मात्र कलाकृती म्हणूनच वाचावीत. एवढे म्हणून त्याने या ‘व्यसना’ची जी मीमांसा केली, ती पाप आणि निरपराधित्व या संकल्पनांपर्यंत पोहोचते. म्हणजे विल्सनच्याच निरीक्षणाचा धागा ऑडेनने पुढे नेला. विल्सनला उत्तर देणाऱ्यांपैकी जॅक बार्झन या इतिहासकाराने वेंडेल हर्टिग टेलर या मित्राबरोबर १९७१ मध्ये ‘अ कॅटलॉग ऑफ क्राइम’ ही भली थोरली सूची काढली. दोन मित्रांच्या आयुष्यभराच्या आवडीनिवडी, पुस्तकागणिक शेऱ्यांसह! शिफारस हा टीकेचा प्रकार कसा होतो, याचा तो उत्तम नमुना आहे.

आपल्याकडे असे काही घडले नाही, याची खंत वाटते. बाबुराव अर्नाळकरांच्या नावावर हजारांहून अधिक पुस्तके आहेत. झुंजार आणि काळापहाड यांना वाचकांनी डोक्यावर घेतले. आपण आकड्याचे कौतुक केले आणि पुढे गेलो. पण त्यांतली दहा कोणती वाचावीत, आणि का, असे विद्यार्थ्याने विचारले तर आपल्यापैकी किती जण उत्तर देऊ शकतील? निंदा झाली, गौरवही झाला. निवड मात्र राहून गेली. आणि निवड हीच तर समीक्षेची पहिली पायरी.

म्हणून ‘पण’ न वापरता दोन शिफारशी करून थांबतो. रूथ रेंडेलची ‘अ जजमेंट इन स्टोन’ (१९७७): खून कोणी केले आणि का केले, हे पहिल्याच वाक्यात सांगितलेले आहे. कारण आहे निरक्षरता. पुस्तकांनी भरलेल्या घरात वाचता न येणारी बाई काय काय लपवत जगते, हे पाहताना आपल्यासारख्या वाचणाऱ्यांच्या सुखवस्तू सवयींवरच संशय येऊ लागतो. दुसरी, केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. मूळ जपानी कादंबरी २००५ ची, नाओकी पुरस्कार मिळवलेली. येथेही खुनी सुरुवातीलाच ठाऊक असतो. प्रश्न असतो तो एका गणितज्ञाने रचलेल्या बचावाचा आणि त्यामागच्या समर्पणाचा.

‘कोणी मारले’ हा प्रश्नच दोन्ही पुस्तकांनी आधी निकालात काढला आहे. विल्सनच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला सुचत नाही. पुढच्या सत्रात कोणी विचारलेच, तर उशाशी असलेली यादी वर्गात न्यायला हरकत नाही. फक्त आपण ती का बाळगतो, हे सांगण्याची तयारी हवी.