मोंदोवीच्या मुलाचा करारनामा

1852 सालच्या 8 फेब्रुवारीस इटलीतील तुरीन शहरी एका मुद्रांकित कागदावर सह्या झाल्या. सही करणाऱ्यांत एक सुतार होता, मोंदोवी गावचा एक मुलगा व त्याचा पिता होता, आणि फादर जॉन बॉस्को होते. हा मुलगा दोन वर्षे सुतारकाम शिकणार होता.

खेड्यांतून तुरीनला येणाऱ्या अशा मुलांना शाळेत वर्षे घालविणे परवडणारे नव्हते. शिकता शिकता चार पैसे हाती पडावेत आणि पुढे कारागीर म्हणून उभे राहता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा. परंतु 1844 मध्ये राजा कार्लो आल्बेर्तो याने कारागीरांचे जुने संघ मोडीत काढले होते. संघांचे नियम जाचक खरे, पण त्यांच्यासोबत उमेदवाराचे उरलेसुरले संरक्षणही गेले. मालक मुलाला धंदा शिकविण्याऐवजी घरकामाला जुंपी, प्रसंगी मारी.

करारातील कलमे या पार्श्वभूमीवर वाचावीत. सुताराने मुलाला केवळ शब्दांनी समज द्यावी, अन्य मार्गाने नव्हे. धंद्याबाहेरची वा शक्तीपलीकडची कामे सांगू नयेत. सणवार व रविवार मोकळे ठेवावेत. रोजचे वेतन पहिल्या सहामाहीत 30 सेंतेसिमी, दुसरीत 40 आणि दुसऱ्या वर्षी 60. वाढत जाणारे हे आकडे मला फार बोलके वाटतात. कौशल्याबरोबर मोलही वाढले पाहिजे, हे मुलाच्या मनातले त्यात लेखी उतरले आहे.

तरीही बाहेरच्या मालकांवर विसंबणे जॉन बॉस्को यांना पटेना. 1853 मध्ये त्यांनी वाल्दोक्को येथे चांभारकाम व शिवणकाम स्वतःच सुरू केले. पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम आले. त्यांचे सालेशियन अनुयायी 1906 मध्ये तंजावरला व 1928 मध्ये मुंबईत पोहोचले.

आपल्याकडे 1950 पासून आयटीआयची योजना आणि 1961 पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्यातही करार होतो, विद्यावेतन मिळते, अल्पवयीन मुलासाठी पालक सही करतात. मात्र उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन त्या कायद्याने मालकावर घातले नव्हते. 2014 च्या दुरुस्तीने एवढेच सांगितले, की अशा भरतीचे धोरण प्रत्येक मालकाने आपले आपण ठरवावे. तुरीनच्या करारातही पुढच्या नोकरीची हमी नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवावयास हवे.

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात मुलाच्या उमेदवारीचा कागद घेऊन माझ्याकडे आले. मुलाने फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. कागद माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, “फादर, इथं सही केली म्हणजे पोराची नोकरी पक्की ना?” मी चष्मा लावला आणि तो कागद त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखविला.