नव्या भाताचा रविवार

मरोळ नाका मेट्रोचा जिना उतरा. आधी मेट्रो नाहीशी होते, ती २०१४ची. मग १९७३चं सीप्झ जातं, एमआयडीसीच्या शेड जातात आणि पायाखाली भाताचा बांध लागतो. ऑक्टोबर १९५२, रविवार, ऊन चढलेलं. तुमचा घसा कोरडा पडलाय.

पाणी मागू नका. कम्युनियन घ्यायचं असेल तर मध्यरात्रीपासून घोटभरही चालत नाही. पाण्याची ही बंदी रोम जानेवारी १९५३मध्ये उठवणार आहे. तुम्ही जरा लवकर आलात.

आज आगेरा, नव्या पिकाचा सण. बँड वाजतोय. काष्ट्याची लुगडी नेसलेल्या बाया नव्या भाताच्या लोंब्या घेऊन सेंट जॉनच्या देवळाकडे निघाल्यात. मूळ देऊळ १५७९चं, कोंडिविट्याचं. १८४०च्या सुमारास साथ आली, गाव उठलं आणि देऊळ मरोळला आलं. जुन्या भिंती तिकडे झाडीत उभ्या आहेत. पुढे त्या सीप्झच्या कुंपणात अडकणार आणि आपल्याच वाडवडिलांच्या देवळात जायला लोकांना परवानगी काढावी लागणार. हे आत्ता कुणाला सांगू नका, सण आहे.

आत पाद्रीबाबांची तुमच्याकडे पाठ. मिस्सा लॅटिनमध्ये, शेजारच्या मावशींची रोझरी मराठीत. दोघांचं आपापलं छान चाललंय. लोंब्यांवर तीर्थ शिंपडलं जातं. धुपाच्या वासात मधेच वाऱ्याबरोबर तळणाचा वास येतो आणि तुमचं लक्ष उडतं. एकट्या तुमचंच नाही.

बाहेर मांडवात पंगत. फुगे कढईतून थेट पानात येतात: पीठ आंबवून तळलेले, आत पोकळ. ते डुकराच्या इंद्यालात बुडवायचे. त्याचा लाल रंग मिरच्यांचा. बाकीच्या कालवणांना बाटली मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, कांडून तो बाटल्यांत ठासून भरलेला असतो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि आपलंच खरं असं प्रत्येक घराचं म्हणणं.

“मावशी, थोडंच.”

“रातपासून उपाशी हायस, थोडंच कसं?”

पेल्यात काहीतरी गरम येतं. दालचिनी, लवंग आणि खाली आणखी काहीतरी जळजळीत. याला खिमाड म्हणतात. पण मुंबई राज्यात १९४९च्या कायद्याने दारूबंदी आहे, म्हणून तुम्ही दबक्या आवाजात विचारता, हे काय?

“खोकल्याचा काढा.”

पंगतीच्या टोकाला बसलेल्या हवालदारालाही आज खोकला झालाय.