विरारच्या अलीकडे

बडोद्याच्या मराठी घरांना मुंबईची गाडी काही नवीन नाही. गणपतीला गिरगाव-दादरच्या नातलगांकडे, मे महिन्यात कोकणच्या वाटेवर, लग्नाच्या खरेदीला, अशी प्रत्येक पिढीने ही वाट केलेली आहे. वैतरणेचे पूल मागे पडले की डब्यात आवराआवर सुरू होई, झोपलेल्या मुलांना उठवले जाई. नेमकी त्याच सुमारास, विरार यायच्या जरा आधी, गाडी थोडा वेळ नुसती घरंगळत जाई. दिवे-पंखे चालूच असत, कारण ते डब्याखालच्या डायनामो-बॅटरीवर चालत. त्यामुळे प्रवाशांना काही कळत नसे. इंजिनात मात्र चालकाची धांदल उडालेली असे. त्याच्या डोक्यावरची वीजच बदलत होती.

बडोद्याकडून येणारी तार २५,००० व्होल्टच्या एसी विजेची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने करणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाची. विरारपासून चर्चगेटपर्यंतची तार १,५०० व्होल्ट डीसीची, एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची. मधे तारेचा एक छोटा तुकडा वीजविरहित ठेवलेला. चालकाने वीज तोडायची, मिळालेल्या वेगावर गाडी पुढे जाऊ द्यायची, इंजिनाची जोडणी बदलायची आणि पलीकडे नव्या विजेवर पुन्हा जोर घ्यायचा. हे दोन्ही प्रकार चालवणारी डब्ल्यूसीएएम-१ इंजिने चित्तरंजनच्या कारखान्यात १९७५ पासून तयार झाली, ती मुख्यतः या एका जोडासाठीच.

एकाच रुळावर दोन विजा कशा आल्या, याचे उत्तर मोटारच्या पोटात आहे.

मुंबईत विजेची पहिली रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर धावली. १९२८ मध्ये आपल्या बी.बी.सी.आय. रेल्वेनेही बोरिवलीपर्यंत वीज नेली आणि १९३० मध्ये पुण्याची डेक्कन क्वीन सुरू झाली. हे सगळे डीसीवर. गंमत अशी की टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला येत होती ती एसी वीज. म्हणजे घाटावरून एसी उतरवायची आणि रेल्वेच्या उपकेंद्रात मोठाल्या फिरत्या यंत्रांनी तिची डीसी करून तारेत सोडायची. हा उपद्व्याप कशासाठी?

कारण गाडी ओढायला त्या काळी डीसीच्या सिरीज मोटारसारखी दुसरी मोटार नव्हती. या मोटारमध्ये फिरणारा भाग आणि चुंबकीय क्षेत्र तयार करणारी गुंडाळी एकामागोमाग जोडलेली असतात. गाडी उभी असताना प्रवाह भरपूर वाहतो, दोन्हीकडचे चुंबकत्व एकदमच वाढते आणि मोटार जबरदस्त पीळ देते. वेग वाढला की पीळ आपोआप उतरतो. स्टेशनातून भरलेली गाडी हलवायला नेमके हेच लागते, आणि लोकलला तर दर दोन-तीन मिनिटांनी लागते.

तिचे दुखणे म्हणजे कॉम्युटेटर आणि कार्बन. फिरणाऱ्या भागाला वीज पोचवण्यासाठी तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल वलयावर कार्बनचे ठोकळे घासत राहतात. ठिणग्या उडतात, कार्बन झिजतात, काळी भुकटी साचते. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर ही याच घराण्यातली धाकटी पाती. चटणी वाटताना येणारा तो जळका वास आणि जाळीतून दिसणारी निळी ठिणगी आठवा. रेल्वेच्या शेडमध्ये कार्बन तपासणे, वलय घासून गुळगुळीत करणे हे रोजचे काम होते, आणि नुसत्या ठिणगीच्या रंगावरून मोटारचा आजार ओळखणारे कारागीर तिथे होते. शिवाय वेग आवरायला मोठे रोध वापरावे लागत. गाडी सुटताना विजेचा बराच भाग तिथे निव्वळ उष्णता होऊन हवेत जाई.

याच्या उलट एसीची इंडक्शन मोटार. निकोला टेस्लाने १८८८ मध्ये तिचे पेटंट मिळवले आणि पुढच्याच वर्षी दोलिव्हो-दोब्रोवोल्स्कीने तीन फेजची, पिंजऱ्यासारख्या फिरत्या भागाची मोटार केली. आजही गिरणी-कारखान्यांत तिचेच राज्य आहे. बाहेरच्या गुंडाळ्यांत चुंबकत्व गोल फिरते आणि ते आतल्या पिंजऱ्याला मागे खेचत नेते. कार्बन नाही, ठिणगी नाही, आतल्या भागाला तारसुद्धा जोडावी लागत नाही. छताचा आपला जुना पंखा वर्षानुवर्षे बिनतक्रार फिरतो तो याच तत्त्वावर. पण तिचा वेग आवर्तनांना बांधलेला असतो. पन्नास आवर्तनांवर चार ध्रुवांची मोटार मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या किंचित खालीच फिरणार. पिठाच्या गिरणीला ते सोयीचे. शून्यापासून शंभर किलोमीटरपर्यंत वेग चढवणाऱ्या गाडीला नाही. इटलीने १९०२ मध्ये वाल्तेल्लिना मार्गावर तीन फेजच्या गाड्या चालवून पाहिल्या. त्या चालल्याही, पण रुळांवर दोन-दोन तारा टांगाव्या लागल्या आणि गाडीला ठरावीक दोन-चार वेगच मिळत.

तेव्हा चाकाला डीसी हवी होती. तारेला मात्र एसी. डीसीचा दाब ट्रान्स्फॉर्मरने वाढवता-उतरवता येत नाही. १,५०० व्होल्टवर तेवढीच शक्ती न्यायची तर २५,००० व्होल्टच्या मानाने जवळजवळ सतरा पट प्रवाह लागतो. त्यासाठी जाड तांबे आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र. मुंबईसारख्या गजबजलेल्या उपनगरांत ते परवडले. बडोदा, रतलाम, दिल्ली अशा लांब पल्ल्याला परवडले नसते. फ्रान्समध्ये पन्नास आवर्तनांच्या एसीवर गाड्या यशस्वी झाल्या, आणि तो अनुभव पाहून भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये २५,००० व्होल्टचा मार्ग धरला. इथे उपकेंद्रे पन्नास-साठ किलोमीटरवर असली तरी भागते.

इथे एक गैरसमज होतो, माझाही बरीच वर्षे होता. तारेत एसी आली म्हणजे मोटारही एसीची झाली, असे वाटते. तसे नव्हते. या इंजिनांत ट्रान्स्फॉर्मरने दाब उतरवून रेक्टिफायरने एसीची डीसी केली जाई आणि चाके फिरत ती जुन्याच सिरीज मोटारने. म्हणजे विरारच्या अलीकडे तार बदलत होती, मोटार दोन्ही बाजूंना एकच होती. माझ्या मते, दोन विजांचे भांडण म्हणून जे सांगितले जाते त्यापेक्षा ही तडजोड जास्त सुज्ञ होती.

खरा पालट इलेक्ट्रॉनिक्सने झाला. मोठा प्रवाह सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करणारे अर्धवाहक स्विच हाती आल्यावर इंजिनातच हव्या त्या आवर्तनांची तीन फेजची वीज तयार करता येऊ लागली. इंडक्शन मोटारचे जुने बंधन सुटले. सुरुवातीला एखाद-दुसरे आवर्तन द्या, मग वाढवत न्या. मोटार मागोमाग येते. १९९५ मध्ये एबीबीची डब्ल्यूएपी-५ इंजिने आपल्याकडे आली आणि पुढे चित्तरंजनमध्ये त्या धर्तीची इंजिने होऊ लागली. आज आपल्या वडोदरा शेडमधली डब्ल्यूएपी-७ याच जातीची. उतारावर किंवा ब्रेक लावताना तिची मोटार जनित्र बनते आणि वीज तारेत परत जाते. पूर्वी रोधांत जळणारी शक्ती अशी वाचते. २००७ पासून मुंबईच्या लोकलमध्येही या मोटारी आल्या.

कार्बन तपासणाऱ्या कारागिरांची विद्या मात्र त्याबरोबर ओसरली. एका निवृत्त फिटरने मला सांगितले होते, "नवीन मोटार बिघडत नाही, आणि बिघडली तर आमच्या कानाला कळत नाही." तक्रार होती की कौतुक, हे मला अजून उमगलेले नाही.

मग मुंबईची डीसी तारही गेली. फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेट-विरार पूर्ण एसी झाले आणि आपला जोड इतिहासजमा झाला. २०१५ मध्ये मध्य रेल्वेची मुख्य उपनगरी वाहिनी बदलली. सर्वांत शेवटी, एप्रिल २०१६ मध्ये, हार्बर मार्ग बदलला. एक्क्याण्णव वर्षांपूर्वी डीसी जिथे पहिल्यांदा आली होती तोच. आता वैतरणेचे पूल ओलांडल्यावर गाडी कुठेच घरंगळत नाही. आम्ही आवरायला लागतो ते मोबाइलवर विरार जवळ आलेले पाहून.