लिनक्स नेमकं कुणाचं?

कुठल्याही इंजिनिअरला हा प्रश्न विचारा, तो लिनस टोरवाल्ड्सचं नाव घेईल, नाहीतर "सगळ्यांचंच की!" म्हणून मोकळा होईल. पण मंडळी, १९९५ ते १९९७ या काळात कागदोपत्री उत्तर वेगळंच होतं. अमेरिकेच्या सरकारी दप्तरात 'लिनक्स' हा ट्रेडमार्क विल्यम डेला क्रोस नावाच्या गृहस्थांच्या नावावर होता!

झालं असं, की १९९१ साली लिनसने आपलं कर्नल लोकांसाठी खुलं केलं. त्याच्या मनात 'फ्रीक्स' हे नाव होतं. पण ज्या सर्व्हरवर फाइल्स ठेवायच्या होत्या तो सांभाळणाऱ्या आरी लेम्केने डिरेक्टरीला नाव दिलं 'लिनक्स', आणि तेच चिकटलं. ट्रेडमार्क वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. कोड लिहिण्यात सगळे मग्न.

ऑगस्ट १९९४ मध्ये डेला क्रोस यांनी अर्ज केला आणि सप्टेंबर १९९५ मध्ये नोंदणी मिळालीसुद्धा. अमेरिकेत अर्ज गॅझेटमध्ये छापला जातो आणि त्यानंतर ३० दिवसांत विरोध नोंदवता येतो. पण गॅझेट वाचतो कोण? मुदत गेली. १९९६ मध्ये लिनक्स विकणाऱ्या कंपन्यांना रॉयल्टी मागणारी पत्रं आली, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले.

आता विरोधाची वेळ टळली होती. उरला एकच रस्ता, नोंदणी रद्द करण्याचा अर्ज. नोव्हेंबर १९९६ मध्ये लिनस, लिनक्स इंटरनॅशनल आणि काही कंपन्यांनी तो केला.

इथे खरी गंमत आहे. "अहो, सगळ्या जगाला माहितीये" हे वाक्य अशा ठिकाणी चालत नाही. जग साक्षीला येत नाही. हवा असतो तारखेचा कागद. आणि नशिबाने तसे कागद होते. यग्द्रासिल कंपनीची लिनक्स सीडी १९९२-९३ सालची, स्लॅकवेअर १९९३ चं, 'लिनक्स जर्नल' मासिकाचा पहिला अंक मार्च १९९४ चा. म्हणजे सगळं त्या अर्जाच्या आधीचं! नाव आधी कोण वापरत होतं, हे दाखवायला यापेक्षा वेगळं काय लागतं?

निकाल लागण्याआधीच १९९७ मध्ये तडजोड झाली आणि ट्रेडमार्क लिनसच्या नावावर आला.

आपल्याकडे हेच गणित जरा वेगळ्या आकड्यांत आहे. ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज छापल्यापासून विरोधासाठी ४ महिने मिळतात. समोरच्याचं उत्तर हाती आलं की २ महिन्यांत प्रतिज्ञापत्रावर पुरावा द्यायचा. २०१७ च्या नियमांनुसार पुरावाही दिला नाही आणि आधी मांडलेल्या मुद्द्यांवरच भिस्त आहे असंही कळवलं नाही, तर विरोध सोडून दिला असं धरलं जातं. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी!

तेव्हा वीकेंडला एखादं ॲप किंवा छोटा धंदा सुरू करणाऱ्यांनो, पहिलं बिल, पहिली जाहिरात, पहिल्या रिलीजची तारीख जपून ठेवा. आपण कोडचा बॅकअप घेतो ना, मग नावाचाही घ्यायला काय हरकत आहे?