एका बशीतलं दूध

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री मेह्यू हा पत्रकार लंडनच्या रस्त्यांवर पोट भरणाऱ्या माणसांना गाठून त्यांची कहाणी त्यांच्याच बोलीत लिहून घेत होता. त्याच्या ग्रंथात पक्ष्यांची घरटी विकणारा एक फेरीवाला आहे. घरट्यांबरोबर तो साप, बेडूक, गोगलगायी आणि हेजहॉगही विकायचा. प्रत्येक मालाचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. बेडूक फ्रेंच लोकांना खायला, गोगलगायी पाळीव पक्ष्यांना चारायला आणि हेजहॉग स्वयंपाकघरातली झुरळं मारायला. एका हेजहॉगला एक शिलिंग. बहुतेक हेजहॉग तो एसेक्सकडून पकडून आणायचा. एकदा त्याला तीन पिल्लांसह आई सापडली, ती सगळी मिळून अडीच शिलिंगांना गेली.

त्या अडीच शिलिंगांवर मी अनेकदा थांबते. मी राहते ते कॅम्बरवेलमधलं घर व्हिक्टोरियन काळातलं आहे. स्वयंपाकघर अर्धं जमिनीखाली, रस्त्यावरून चालणाऱ्यांचे फक्त पाय दिसतील अशी खिडकी आणि भिंतीत बिडाच्या चुलीचा मोठा कोनाडा. चूल केव्हाच गेली, कोनाडा राहिला. या खोलीत राबलेल्या मुलींबद्दल थोडंफार लिहिलेलं सापडतं. इथे राबलेल्या जनावरांबद्दल मात्र इतिहासाच्या पुस्तकांच्या कोपऱ्यांत शोधावं लागतं.

हेजहॉग म्हणजे साळिंदर नव्हे. साळिंदर कुरतडणारं जनावर, उंदराच्या गोतातलं. हेजहॉग किडे खाणारा, चिचुंद्रीच्या जवळचा. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या मुलखात त्याचे भाऊबंद आहेत. इंग्लंडातला हेजहॉग अंग मुडपून बसला की साधारण सोललेल्या नारळाएवढा, पाठीवर पाच हजारांहून जास्त आखूड काटे. भय वाटलं की कातडीखालचा एक गोल स्नायू पिशवीची नाडी ओढावी तसा आवळतो आणि तोंड, पाय, पोट सगळं आत जातं. दिवसा झोप, रात्री वणवण. भुंगे, अळ्या, गांडुळं हा त्याचा आहार. हॅम्पशायरमधल्या सेलबर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याने १७७० साली निसर्गअभ्यासक थॉमस पेनंटला लिहिलेल्या पत्रात आपल्या बागेतल्या हेजहॉगांबद्दल लिहिलं आहे. त्यांच्या विष्ठेवरून त्याने ताडलं की भुंगे त्यांच्या खाण्यातला मोठा भाग आहेत. काही दिवसांच्या पिल्लांचे काटे पांढरे असतात आणि त्यांना अजून गोळा होता येत नाही, हेही त्याने नोंदवलं. पकडून कामाला जुंपण्याऐवजी नुसतं पाहणारा असा माणूस या कहाणीत विरळा, म्हणून मला व्हाइट फार जवळचा वाटतो.

स्वयंपाकघरातली झुरळं म्हणजे काळी, जाड, मंद चालीची जात. इंग्रज त्यांना काळे भुंगे म्हणत. जहाजांतल्या मालाबरोबर ती आली आणि तळघरांतल्या स्वयंपाकघरांत रुळली. त्याला कारण चूल. कोळशाची बिडाची चूल रात्री विझवली तरी तिची ऊब पहाटेपर्यंत टिकायची. शेजारी मोरी, म्हणजे ओल. फरशीच्या फटींत पिठाचे, चरबीचे कण. बाहेर बर्फ पडलेला असतानाही झुरळाला लागतं ते सगळं इथे मिळायचं. घरातली सर्वांत धाकटी मोलकरीण बरेचदा याच खोलीत किंवा लगतच्या अडगळीत झोपायची. मेणबत्ती विझल्यावर फरशीवर कोण कोण चालतं ते तिलाच ठाऊक.

सांगलीला आमच्या घरी आई कणकेच्या गोळ्यांत बोरिक पावडर घालून ते गोळे फडताळामागे ठेवायची आणि उंदरांसाठी मांजर होतं. लंडनच्या घरांनी दोन्ही कामांना जनावरंच ठेवली. उंदरांना मांजर, झुरळांना हेजहॉग, आणि दोघांचीही पाळी रात्रीची.

एकाच खोलीत ही जोडी कशी नांदत असेल, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर दोघांच्या शरीरात आहे. मांजर हलणाऱ्या वस्तूवर झडप घालतं. हेजहॉगावर झडप घातली की तो हलायचा थांबतो आणि पंजाला काटे लागतात. शहाणं मांजर हा धडा एकदाच घेतं. हेजहॉगाची नजर अधू, त्याचं जग वासाचं. मांजर त्याला वाटेतला एक अडथळा, त्यापलीकडे काही नाही. त्याला उंदराच्या बिळाशी तासन्‌तास दबा धरायचा नसतो आणि मांजराला झुरळांत फारसा रस नसतो. भांडण झालंच तर ते बशीवरून. शिवाय हेजहॉगाची पिसू थोड्या काळापुरती मांजराच्या अंगावर उतरते. ती देवाणघेवाण त्या खोल्यांतही झालीच असणार.

बशीत काय असायचं, हे मेह्यूच्या फेरीवाल्याने सांगून ठेवलं आहे: दुधात भिजवलेला पाव. त्याच दमात त्याने हेही सांगितलं की रानातला हेजहॉग गाईला पार कोरडी होईपर्यंत पितो. दोन्ही गोष्टी त्याच्या मनात शेजारी शेजारी होत्या. मला त्या बोलण्यामागे तीनशे वर्षं दिसतात. रात्री कुरणात बसलेल्या गाईंच्या आसपास हेजहॉग दिसतात, कारण तिथे किडे असतात. सकाळी गाईने दूध कमी दिलं की आळ त्यांच्यावर. १५६६ साली पहिल्या एलिझाबेथच्या राजवटीत धान्यरक्षणासाठी कायदा झाला. त्यात उपद्रवी प्राण्यांची यादी आणि प्रत्येकाच्या मुंडक्याला दर होता. हेजहॉगाला दोन पेन्स. पैसे गावच्या चर्चच्या वॉर्डनांनी द्यायचे, म्हणून चर्चच्या जमाखर्चाच्या वह्यांत घंटेचा दोर आणि मेणबत्त्या यांच्या बरोबरीने मारलेल्या हेजहॉगांचा खर्च मांडलेला असतो. रॉजर लव्हग्रोव्ह या अभ्यासकाने अशा वह्या गावोगाव वाचून २००७ साली पुस्तक लिहिलं. खरी मानून घेतलेली एक गोष्ट किती पिढ्या पैसे खाते आणि जीव घेते, ते त्यातून कळतं.

शहरात मात्र तोच प्राणी एक शिलिंग देऊन घरात घेतला जायचा. शेतावर दूध चोरतो म्हणून दोन पेन्सना मारायचा आणि स्वयंपाकघरात पगार म्हणून दूधच द्यायचं. ते दूध त्याला पचत नाही. दुधातली साखर पचवण्याची सोय त्याच्या आतड्यात नाही. पातळ शौच लागते, शरीरातलं पाणी जातं आणि लहान जनावर त्यात मरूही शकतं. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांनाही दूध धड पचत नाही, पण मांजराला बशीवाचून चालायचं. त्याच्याकडे उंदीर होते आणि रस्त्यावर मांजरांसाठी मटण विकणारा होता.

हा मटणवाला मेह्यूनेच दाखवला आहे. म्हाताऱ्या, निकामी घोड्यांच्या शिजवलेल्या मांसाचे तुकडे काडीला टोचून तो दारोदार फिरायचा. भाव अडीच पेन्सला पौंडभर, गरिबांना अर्ध्या पेनीचाही तुकडा मिळे. लंडनमध्ये मांजरं किती, असं विचारल्यावर एका मटणवाल्याने अंदाज सांगितला होता: दहा माणसांमागे एक तरी मांजर. म्हणजे मांजराच्या जेवणावर जगणारा एक अख्खा धंदा शहरात उभा होता. हेजहॉगासाठी असं कुणी नव्हतं. त्याने झुरळं खावीत आणि वर दूध-पाव. फरशी साफ झाली की त्याचं खाणं संपलं.

दुसरी अडचण उबेची. रानातला हेजहॉग नोव्हेंबरच्या सुमाराला पालापाचोळ्यात शिरतो आणि शरीर थंड करून मार्चपर्यंत झोपतो. चुलीशेजारी थंडी पडतच नाही, मग ती झोपही नाही. तिसरी अडचण चालण्याची. एका रात्रीत किलोमीटर-दोन किलोमीटर फिरणाऱ्या जीवाला चार भिंती आणि एक टोपली. झुरळं मारायच्या पावडरच्या डब्यासारखा तो आणला जाई आणि संपला की दुसरा.

त्याला नाव देणारी माणसंही होती, हे सांगायलाच हवं. नॉर्थम्बरलँडमधल्या फेल्टन गावच्या एंजल सरायीत १७९९ साली एक हेजहॉग माणसाळलेला होता. त्याला टॉम म्हणत, हाक मारली की यायचा आणि मांस भाजण्याचं चक्र फिरवायचा, अशी नोंद जुन्या प्राणीग्रंथांत आहे. आणि लंडनच्या बोल्टन गार्डन्समध्ये मुलांच्या सचित्र गोष्टी लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटर हिची टिगी नावाची हेजहॉग होती. ती पॉटरबरोबर आगगाडीने प्रवास करायची आणि बाहुलीच्या कपातून दूध प्यायची. चित्रासाठी पॉटर तिला उभी करी. मांडीवर झोपू दिलं तर ती खुश. अर्धा तास उभं केलं की जांभया देई, मग चावे. शेवटी पॉटरने कापसाची बाहुली करून तिच्यावरून चित्रं काढली. मिसेस टिगी-विंकलची गोष्ट १९०५ च्या ऑक्टोबरात छापून आली. त्यातली धोबीण हेजहॉग आहे, तिच्यामागे स्कॉटलंडातल्या डालगाइजची किटी मॅक्डॉनल्ड ही खरी परटीण आहे. या धोबिणीकडे एका मांजरीच्या पिल्लाचे हातमोजे येतात, फक्त इस्त्रीला. धुण्याचं काम ते स्वतःच करतं. हेजहॉग राबतो आणि मांजर गिऱ्हाईक असतं. पॉटरने ते हेतुपूर्वक केलं असं मी म्हणणार नाही, पण तिच्या काळाने ते तसंच ठरवून टाकलं होतं. पुढच्याच वर्षी टिगी आजारी पडली, आणि तिचे हाल पाहवेनात म्हणून पॉटरने तिला क्लोरोफॉर्म दिला.

मांजराची गोष्ट त्या काळात दुसऱ्याच वाटेने गेली होती. १८६८ साली लंडनच्या मनीऑर्डर कचेरीने उंदरांसाठी तीन मांजरं नेमली. तिघांना मिळून आठवड्याला एक शिलिंग भत्ता, बाकीचं पोट त्यांनी उंदरांवर भरायचं. म्हणजे एका हेजहॉगाची जी किंमत, तेवढं मांजरांना दर आठवड्याला, तेही सरकारी दप्तरात. तीनच वर्षांनी, १३ जुलै १८७१ रोजी, चित्रकार हॅरिसन वीअरने क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरवलं. काम न करणारं मांजरही देखणं म्हणून पोसण्याजोगं आहे, हे तिथे हजारोंनी पाहिलं. मांजर स्वयंपाकघरातून वरच्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीत गेलं.

हेजहॉगाला वरचा मजला मिळाला नाही. कीटिंगची कीटकनाशक पावडर डब्यांतून मिळू लागली, पुढे गॅसच्या चुली आल्या, नव्या घरांतली स्वयंपाकघरं जमिनीवर आली आणि त्याची नोकरी गेली. मला ही त्याची सुटका वाटते, आणि ती कुणाच्या दयेने झाली नाही याचा रागही येतो.

दूध-पाव मात्र मागे राहिला. स्वयंपाकघरातून निघून तो बागेच्या दाराशी आला. विसाव्या शतकभर इंग्लंडातल्या भल्या माणसांनी मायेने बागेतल्या हेजहॉगांना बशीत दूध घातलं. १९८२ साली मेजर एड्रियन कोल्स यांनी श्रॉपशायरमध्ये हेजहॉग संरक्षण संस्था काढली. गुरं अडवणाऱ्या जाळीखालच्या खड्ड्यात पडलेला एक हेजहॉग त्यांनी पाहिला होता, आणि त्या खड्ड्यांत वर चढायला उतरण ठेवावी, हे त्यांचं पहिलं मागणं होतं. ही संस्था वर्षानुवर्षं लोकांना समजावते आहे की दूध घालू नका, पाव घालू नका. उथळ बशीत पाणी ठेवा आणि खायला मांजराचं मांसाहारी खाणं द्या. ब्रिटनमध्ये २०२० पासून हेजहॉग धोक्याच्या यादीत आहे, त्यामुळे हे सांगणं आता अधिकच महत्त्वाचं झालं आहे.

आमच्या रस्त्यावर काही जणींनी मिळून बागांच्या कुंपणांना तळाशी तेरा सेंटिमीटर लांबी-रुंदीची भोकं पाडून घेतली आहेत, म्हणजे रात्रीची वाट एका बागेपाशी अडत नाही. मांजराचं खाणं ठेवायच्या खोक्यालाही तेवढंच दार करायचं आणि आत एक आडवी भिंत घालायची. हेजहॉग वळून आत जातो, मांजराला वळता येत नाही.