विश्लेषण : यॉर्कशायर क्लबला ‘बाहेरचा’ खेळाडू का चालत नव्हता?

इंग्लंडच्या कौंटी अजिंक्यपद स्पर्धेत सर्वाधिक 33 विजेतेपदे (यातील एक संयुक्त) यॉर्कशायरच्या नावावर आहेत. मात्र हा क्लब जितका विजेतेपदांसाठी, तितकाच एका अलिखित नियमासाठी ओळखला गेला.

स्थापना कधी झाली?
8 जानेवारी 1863 रोजी शेफिल्ड येथे क्लबची स्थापना झाली. पुढे लीड्सचे हेडिंग्ले हे त्याचे मुख्य मैदान झाले. पांढरा गुलाब हे क्लबचे बोधचिन्ह. लॉर्ड हॉक यांच्या नेतृत्वाखाली 1893 ते 1908 या काळात संघाने आठ विजेतेपदे पटकावली.

नियम काय होता?
यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यांनीच संघातून खेळायचे. गंमत म्हणजे खुद्द हॉक यांचा जन्म शेजारच्या लिंकनशायरचा! तरीही स्थानिक गुणवत्ता इतकी होती की बाहेर पाहण्याची गरजच पडली नाही. प्रथम श्रेणीत 4,204 बळी घेणारे विल्फ्रेड ऱ्होड्स, 1932 मध्ये एका डावात 10 धावांत 10 बळी घेणारे हेडली व्हेरिटी, 364 धावांची खेळी करणारे लेन हटन, कसोटीत सर्वप्रथम 300 बळी टिपणारे फ्रेड ट्रुमन ही सारी याच मातीतली माणसे. याच ट्रुमन यांच्या पदार्पणात, 1952 च्या हेडिंग्ले कसोटीत विजय हजारेंच्या भारतीय संघाची दुसऱ्या डावात 4 बाद 0 अशी अवस्था झाली होती.

नियम का बदलला?
1968 पासून इतर कौंटींना परदेशी खेळाडू घेणे सोपे झाले. त्याच वर्षी यॉर्कशायरने विजेतेपद मिळवले; पुढचे मिळायला 2001 उजाडावे लागले. 1983 मध्ये तर संघ तळाला गेला. अखेर 1992 मध्ये दारे उघडली. करारबद्ध केलेला ऑस्ट्रेलियाचा क्रेग मॅकडरमॉट जखमी झाल्याने 19 वर्षांच्या सचिन तेंडुलकरला संधी मिळाली आणि तो क्लबचा पहिला परदेशी खेळाडू ठरला. त्या हंगामात त्याने 16 प्रथम श्रेणी सामन्यांत 1,070 धावा केल्या.

मग प्रश्न सुटला का?
नाही. ब्रॅडफर्ड, लीड्स परिसरात दक्षिण आशियाई वंशाची मोठी वस्ती आहे. तेथे जन्मलेली मुले जन्माच्या नियमात बसत होती. तरीही ब्रिटनमध्ये जन्मलेला आशियाई वंशाचा खेळाडू मुख्य संघात दिसला तो 2004 मध्ये, अजमल शहजादच्या रूपाने. पाकिस्तानात जन्मलेला माजी खेळाडू अझीम रफिकने क्लबमधील वर्णद्वेषाचे आरोप केले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली. हेडिंग्लेचे आंतरराष्ट्रीय सामने काही काळ रोखले गेले. 2023 मध्ये क्लबला 4 लाख पौंडांचा दंड (पैकी 3 लाख स्थगित) झाला आणि अजिंक्यपद स्पर्धेत 48 गुण कापले गेले.

जन्मस्थानाची अट कागदावर कधीच नव्हती, त्यामुळे ती एका निर्णयाने सोडता आली. आपले कोण आणि परके कोण, ही ड्रेसिंग रूममधली समजूत बदलणे मात्र क्लबला कितीतरी अवघड गेले.